बाळंतिणीचा दाब कोण मोजणार?

गडचिरोली किंवा चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात एखादी बाळंतीण झटके येऊन मरण पावते, तेव्हा त्या मरणाचे स्पष्टीकरण आधीपासूनच तयार असते. नातलगांनी दवाखान्यात आणण्यास उशीर केला, पुजाऱ्याकडे वेळ घालवला, आदिवासींत अज्ञान फार, पावसाचे दिवस, नाल्याला पूर. एवढे म्हटले की यंत्रणेचे समाधान होते आणि वर्तमानपत्रांचेही. आपण एक निवेदन देतो, क्वचित विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, मंत्र्यांचे उत्तर येते आणि प्रकरण मिटते. या साऱ्या धावपळीत एक साधा प्रश्न बहुधा राहून जातो: त्या बाईचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, आणि तो किती भरला होता?

हा प्रश्न डॉक्टरी आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठीच हा लेख आहे. वीस मिनिटांत शिकता येणारे आणि पाच-सात मिनिटांत होणारे एक माप ज्या समाजात शहरातल्या बाईचे होते आणि जंगलातल्या बाईचे होत नाही, तेथे ते माप हा राजकारणाचा विषय होतो.

आधी रोगाविषयी. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर काही स्त्रियांचा रक्तदाब चढू लागतो. वारेची रचना नीट होत नाही. त्या बिघाडाचे परिणाम आईच्या सर्व रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडावर, यकृतावर आणि अखेर मेंदूवर होतात. जुन्या डॉक्टरांनी याला गर्भाची विषबाधा म्हटले, आजचे डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. १४०/९० हा इशारा. तेवढा किंवा त्याहून अधिक दाब चार तासांच्या अंतराने दोनदा भरला की तपासणी आणि उपचार हवेतच. १६०/११० ही धोक्याची घंटा. तेथे वाट पाहण्यास जागाच नाही, त्याच तासात औषध सुरू झाले पाहिजे. याच्या पुढची पायरी म्हणजे आकडी. दातखीळ बसते, अंग ताठते, शुद्ध हरपते. मेंदूत रक्तस्राव झाला तर बाई हाती लागत नाही. गरोदरपण आणि बाळंतपण यांशी निगडित जे मृत्यू जगभर होतात, त्यांत साधारण सहा-सातांमागे एक मृत्यू या दाबाच्या विकारांमुळे होतो. अतिरक्तस्रावाच्या खालोखाल याचा क्रमांक लागतो.

हा रोग फसवा आहे, कारण पुष्कळ वेळ तो काहीच सांगत नाही. दाब १६० वर गेला तरी बाई धान रोवत असते. जेव्हा तो बोलतो तेव्हा अशा भाषेत बोलतो की ऐकणाऱ्याने ती किरकोळ समजावी. न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे. पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली दुखणे, जे पित्त म्हणून सोडून दिले जाते. मळमळ, दम लागणे, लघवी कमी होणे. पायांना सूज तर निरोगी गरोदर बाईलाही येते, पण चेहऱ्याला आणि हातांना एकाएकी सूज आली, बोटातली अंगठी किंवा हातातल्या बांगड्या रुतू लागल्या, तर ती सूज वेगळी. यांतले एक लक्षण जरी दिसले तरी दाब मोजलाच पाहिजे. आणि एकही दिसले नाही तरी मोजला पाहिजे. मापाचे सारे महत्त्व या दुसऱ्या वाक्यात आहे.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते तिच्याकडे वळू. मूल झाले की सुटका झाली, असे घरचेही मानतात आणि दवाखानाही मानतो. शरीर तसे मानत नाही. प्रसूतीनंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढतो. ज्या बाईचा दाब नऊ महिने चांगला होता तिलाही बाळंतपणानंतर पहिल्यांदा हा विकार होऊ शकतो, आणि सहा आठवड्यांपर्यंत धोका पुरता टळत नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला नियमाप्रमाणे ठेवून घेतले तरी अठ्ठेचाळीस तासांनी घरी पाठवतात. पुष्कळदा त्याही आधी ती निघते, कारण घरी दुसरी मुले असतात, आणि खाट मोकळी हवी असते. म्हणजे दाब चढण्याची वेळ येते तेव्हा बाई गाडीतून टोल्याच्या वाटेला लागलेली असते. पुढचे दिवस ती एका खोलीत बाजेवर असते. डोके दुखते म्हणाली तर 'जागरणाने दुखत असेल' असे उत्तर मिळते. पाचव्या दिवशी झटका येतो आणि मग बाहेरची बाधा झाली, असे लोक म्हणू लागतात.

हे दुर्लक्ष किती महाग पडते याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. गडचिरोलीतच, 'सर्च' या संस्थेने १९९५-९६ साली ३९ गावांतील ७७२ मातांचा घरोघर मागोवा घेतला होता. प्रसूतीच्या वेळी १७.७ टक्के स्त्रियांना काही ना काही आजार आढळला. प्रसूतीनंतरच्या काळात हे प्रमाण ४२.९ टक्के होते. त्यात सर्व प्रकारचे आजार आले, केवळ दाब नव्हे. पण संकट कोणत्या बाजूला साचले आहे हे त्या दोन आकड्यांतून स्पष्ट दिसते. आपली सारी योजना, सारे अनुदान, सारी वाहने मात्र प्रसूतीच्या एका दिवसाभोवती गोळा झाली आहेत. बाई दवाखान्यात बाळंत झाली की नोंदवहीत यश लिहिले जाते. ती सहाव्या आठवड्यात जिवंत व धडधाकट आहे काय, यावर यश मोजण्याची सवय आपण यंत्रणेला लावलेली नाही.

आणि येथेच गडचिरोलीच्या इतिहासातला विलक्षण विरोधाभास समोर येतो. नवजात बालकाची काळजी घरात जाऊन घ्यावी, आणि ती गावातल्याच बाईने घ्यावी, हा धडा देशाला याच जिल्ह्याने दिला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च'ची स्थापना केली. थोडेफार शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना त्यांनी आरोग्यदूत केले. त्या बाळाचे वजन करू लागल्या, श्वास मोजू लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देऊ लागल्या. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले, हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २०११ साली केंद्र शासनाने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा घरभेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झाले तर पहिल्या दिवसाची आणखी एक.

या तारखा पुन्हा वाचाव्यात. दाब चढण्याचे दिवस आणि आशाच्या पहिल्या भेटींचे दिवस जवळजवळ तेच आहेत. आशा त्या घरात जाते, त्याच बाजेशी बसते. तिच्या पिशवीत बाळासाठी वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ असते. बाळ झोळीत घालून ती वजन घेते. हातभर अंतरावर आई बसलेली असते, आणि त्या आईच्या दंडाला बांधण्याचा पट्टा त्या मूळ संचात नाही. घरभेटीच्या नमुन्यात आईविषयी प्रश्न आहेत, नाही असे नाही. ताप आहे का, दुर्गंधी येणारा स्राव आहे का, आणि माता असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का? झटके हा या रोगाचा शेवट आहे. शेवट झाला की नाही याची चौकशी करण्यास शासनाने आशाला पाठवले. सुरुवात पाहण्याचे साधन दिले नाही. आरोग्यसेविकेने बाळंतिणीचा दाब मोजावा असा नियम कागदावर आहे; पण एका उपकेंद्राच्या माथी जंगलात विखुरलेली जी गावे असतात, ती पावसाळ्यात पायी फिरून पाहिल्यावर त्या नियमाची किंमत कळते.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि त्यांची उत्तरे देणे भाग आहे.

पहिला आक्षेप: अल्पशिक्षित आशांना हे जमणार नाही. नवजात अर्भकाच्या मांडीत इंजेक्शन देणे ज्यांना याच जिल्ह्यात जमले, त्यांच्या बहिणींना दंडाला पट्टा बांधून आकडा वाचता येणार नाही, असे म्हणणाऱ्याने गडचिरोलीचे नाव घेऊ नये. आजची यंत्रे आकडा दाखवतात. शिकवायचे आहे ते एवढेच: बाईला पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलत असताना मोजू नये. एक गोष्ट मात्र यंत्र खरेदी करणाऱ्यांना ठणकावून सांगितली पाहिजे. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो. आमच्या जंगलपट्ट्यातील बायांचे दंड बारीक आहेत. म्हणून लहान पट्टा हवा, आणि गरोदर स्त्रियांत पारखून घेतलेलेच यंत्र हवे. नाही तर मोजूनही न मोजल्यासारखे होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१४ ते २०१६ या काळात कर्नाटकातील बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांत, तसेच पाकिस्तान व मोझांबिकमध्ये, गावपातळीवर दाब मोजणे, पहिला उपचार करणे आणि पुढे पाठवणे याची मोठी चाचणी झाली. २०२० साली तिचे निष्कर्ष आले. एकूण मृत्यू व गंभीर दुखणी यांत अपेक्षित घट दिसली नाही. यावरून 'मोजून उपयोग नाही' असे जे म्हणतात ते अर्धेच वाचतात. ज्या स्त्रियांपर्यंत कार्यकर्ती आठ किंवा अधिक वेळा पोचली त्यांच्या बाबतीत परिणाम चांगले आढळले. बोध सरळ आहे. एखाद-दुसऱ्या भेटीने भागत नाही, आणि मोजल्यावर पुढे औषध, वाहन व समर्थ दवाखाना ही साखळी तयार नसेल तर नुसत्या आकड्याने बाई वाचत नाही. हा आक्षेप मापाविरुद्ध जात नाही. अर्धवट व्यवस्थेविरुद्ध जातो. आपली मागणीही पूर्ण साखळीची आहे.

त्या साखळीतील औषधे महाग असतील, असा कोणाचा समज असेल तर तो दूर करावा. मॅग्नेशियम सल्फेट हे साधे क्षार. २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत त्याने आकडीचा धोका निम्म्याहून अधिक कमी केला. त्याची पहिली मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत मिळून दहा ग्रॅम, आरोग्यसेविकेने उपकेंद्रातच द्यावी आणि मग पुढे पाठवावे, अशी तरतूद केंद्राच्याच मार्गदर्शिकेत आहे. दाब उतरवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट तर आपल्या दाराशी घडली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात ८९४ गरोदर स्त्रियांवर, ज्यांचा दाब धोक्याच्या पातळीवर होता, तोंडाने घ्यायच्या तीन औषधांची तुलना झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा तासांत दुष्परिणामाविना दाब आटोक्यात आला तो निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ टक्के आणि मेथिलडोपाने ७६ टक्के स्त्रियांत. तिन्ही जुनी, स्वस्त, गोळीच्या रूपात मिळणारी. नागपूरच्या सरकारी दवाखान्यातील गरीब बायांनी हे ज्ञान जगाला दिले. त्याच विदर्भातील जंगलात, दवाखान्यापासून सर्वांत दूर असलेल्या बाईला त्या ज्ञानाचा लाभ शेवटी का मिळावा?

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी लिहीत नाही, पण मनात असतो. रक्तदाब हा शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग. कष्टाळू, सडपातळ आदिवासी बाईला कुठला दाब? हा भ्रम घातक आहे. गरोदरपणातील दाब वेगळा आहे. पहिलटकरणीला, विशीच्या आतल्या मुलीला, जुळे असलेल्या बाईला त्याचा धोका अधिक. सिकलसेलचा आजार असेल तर धोका वाढतो, आणि सिकलसेल या दोन जिल्ह्यांच्या रक्तात किती आहे हे येथे सांगणे नको. आहारात चुना कमी असणे हेही एक कारण, म्हणूनच २०१४ च्या केंद्रीय सूचनांनी चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या सांगितल्या. त्या गोळ्या टोल्यापर्यंत किती महिने पोचतात, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात मोजावे.

आता अज्ञानाच्या आरोपाकडे येऊ. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील वसा व अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली (निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले), तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले आणि त्यांतील केवळ आठ टक्क्यांची यापूर्वी कधी तपासणी झालेली होती. बाया दुखणे लपवतात, असे तोवर म्हटले जाई. खरी गोष्ट ही निघाली की त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आज झटक्यांच्या बाबतीत नेमके तेच चालले आहे. झटका आलेल्या बाईला घरचे कांदा हुंगवतात, तोंडात चमचा घालतात, पुजाऱ्याला बोलावतात. हे चूक आहे, आणि आपण ते चूक म्हणून सांगितलेच पाहिजे. बाईला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, पाणी पाजू नये, आणि तत्काळ वाहन बोलवावे. पण झटक्याच्या क्षणी घरच्यांनी काय केले यावर सारा दोष ढकलणारा अधिकारी, झटक्यापूर्वीच्या पाच दिवसांत शासनाने काय केले याचे उत्तर चुकवतो. आधीच्या पाच दिवसांत ज्याने यंत्र पाठवले नाही, त्याला पुजाऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही.

तीच गोष्ट रस्त्यांची. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संबंध तुटतो, ही बातमी वर्षानुवर्षे छापून येत आली. तेथून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. आजारी बाईला खाटेची कावड करून किंवा डोंग्यातून आणण्याचे प्रसंगही या भागाला नवे नाहीत. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकडीवरून लोहखनिज खाली येते ते मात्र ट्रकांच्या रांगांनी येते. चंद्रपूरचा कोळसा आणि वीज राज्यभर जाते. दगडाला वाट सापडते आणि बाळंतिणीला सापडत नाही, तेव्हा ती अडचण भूगोलाची राहत नाही. कोणाच्या निकडीला निकड म्हणायचे याचा तो निर्णय असतो. राज्याचा माता मृत्युदर २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, असे अभिमानाने सांगतात. त्या पाहणीत जिल्ह्याचा आकडा नसतो. पुण्या-मुंबईच्या सरासरीत भामरागड आणि जिवती बुडून जातात.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रत्येक आशेच्या हाती पारखलेले यंत्र व लहान पट्टा द्यावा, ही पहिली मागणी. आणि सहाही घरभेटींत आईचा दाब मोजून नोंदवावा. मात्र या कामाचा मोबदला ठरवल्याशिवाय हे ओझे आशांवर टाकू देऊ नये. २०२१ आणि २०२३ साली या स्त्रियांना राज्यभर संप करावे लागले. मानधनाच्या नावाखाली राबवून घेण्याच्या पद्धतीला आपल्या मागणीने नवे बळ मिळता कामा नये. दुसरे, मॅग्नेशियम सल्फेट आणि निफेडिपिन उपकेंद्रात आहे की नाही, हे ग्रामसभेला कळले पाहिजे. तिसरे, पावसाळ्यापूर्वी ज्या गरोदर बायांचे दिवस भरत येणार त्यांची यादी करून त्यांना माहेरघरात आणावे, आणि बाळंतपणानंतर पहिला आठवडाही तेथे राहण्याची, सोबतच्या माणसाच्या जेवणाची व बुडालेल्या मजुरीची सोय करावी. चौथे, अशा प्रत्येक मृत्यूनंतर सुरुवातीचा तो प्रश्न ग्रामसभेत विचारावा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. बांबूचा हिशेब मागणारी ग्रामसभा औषधाचा आणि मापाचाही हिशेब मागू शकते.

एक गोष्ट आपल्यालाही सुनावली पाहिजे. जमीन, जंगल, मजुरी हे आपले विषय आणि बाळंतपण बायांचे, अशी वाटणी आपल्या शाखांच्या बैठकांतही चालत आली आहे. मोर्च्यात पुढे चालणारी बाई बाळंतपणानंतर सहा आठवडे कोठे असते, कशी असते, याची विचारपूस किती शाखांनी केली? शासनाला प्रश्न विचारण्यापूर्वी हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा, आणि पुढच्या बैठकीला गावातील आशेला बोलावून तिच्याकडून उत्तर घ्यावे. तिच्या पिशवीत काय आहे आणि काय नाही, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.